साठ दातांचं चाक

आमच्या गोठ्यात चार दावणी होत्या. तीन दावणींना जनावरं बांधलेली असत आणि चौथीला लेथ. रहिमतपूरच्या रस्त्याला असलेल्या आमच्या गावात लोक तात्यांची थट्टा करत, हवालदाराकडं एक लोखंडाची म्हैस हाय, ती दूध देत न्हाई आन तेल मातूर पिते. तात्या म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी फौजेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून काढली होती. बाकीचे पेन्शनर घरी येताना ट्रंक, घोंगडी आणि लढाईच्या गोष्टी घेऊन येत. तात्यांनी आणली कानशींनी भरलेली एक लाकडी पेटी आणि फ्लॅनेलच्या फडक्यात तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला मायक्रोमीटर. मग साताऱ्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातलं, लोखंड तासायचं जुनं लेथ ट्रॉलीत घालून आणलं आणि चौथी दावण उकरून तिथं कोब्यात बसवलं. गावात वीज आली होती, पण तिच्या येण्याजाण्याचा काही नेम नव्हता, म्हणून तात्यांनी लेथला पायाने चालवायचा पायटा जोडला. कडबा कापायच्या मोडक्या यंत्राचं जड चाक खाली बसवलं, त्यावरून वर पट्टा घेतला, आणि तो पायटा मारायला घरात सगळ्यांत मोकळे पाय माझे होते.

थोरला भाऊ फौजेत गेला तेव्हा मी दहा वर्षांची असेन. त्यानंतरची माझी सगळी वर्षं त्या पायट्यावर गेली असं म्हटलं तरी चालेल. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं आणि बसायचं. पट्ट्याची फटफट, लोखंड तासताना होणारी कुरकुर आणि शेजारी म्हशीचा रवंथ, असा तो आवाज असे. अजूनही कुठं पट्ट्यावरचं यंत्र ऐकलं की मला वैरणीचा वास येतो. लोक उसाच्या चरकाचे दांडे आणत, पंपाचे झिजलेले रॉड आणत, एकदा तर बँडवाल्याने दबलेला कर्णा आणला होता. तात्या आधी वस्तू हातात घेऊन बराच वेळ नुसती फिरवत बसत. मग मला म्हणत, बोट फिरव आणि सांग कुठं खराब आहे. मी सांगायची. चुकले तर ते फक्त वस्तू परत माझ्या हातात देत. चौदाव्या वर्षी त्यांनी मला हत्यार धरू दिलं, आणि मॅट्रिक होईपर्यंत मी असा दांडा तासत होते की गिऱ्हाइकं तात्यांचं कौतुक करून जात. तात्याही ते कौतुक गपगुमान घेत, याचा मला तेव्हा फार राग यायचा.

आईला या सगळ्याचा वेगळाच ताप होता. लोखंडाचं तिला काही नव्हतं, पण मी पितळेवर काम करू लागले की घरभर पिवळा कीस उडायचा. तो माझ्या केसांत असायचा, अंथरुणात असायचा आणि पीठ मळायला घेतलं की परातीत असायचा. एकदा तात्यांच्या दाताखाली भाकरीत कचकन काही आलं. त्यांनी ते बोटावर घेऊन उजेडात धरलं आणि कापाचा कोन बरोबर आहे म्हणाले. आईने त्या दिवशी दोघांना ठेचा वाढला नाही. मला बघायला पाहुणे येणार असले की ती लिंबू आणि राख घेऊन माझी नखं घासत बसे. तेल नखांच्या कडेला असं मुरलेलं होतं की ते निघत नसे. पाहुण्यांतली एखादी बाई हात बघायला मागे, तेव्हा मी ते मुद्दाम पालथे करून दाखवायची. दोन स्थळं त्या नखांपायी गेली असं आई म्हणे. गेली त्याचं मला काही वाटलं नाही, आणि आता या वयात तर खोटं बोलायचं काही कारणच नाही.

घड्याळाची गोष्ट सुरू झाली ती विहिरीवरून. आमची विहीर दोन घरांत सामाईक होती, निम्मी आमची आणि निम्मी आप्पाकाकांची. आप्पाकाका म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ, त्यांच्याहून सहा महिन्यांनी धाकटे. आवाज खणखणीत, मिशा पांढऱ्या, आणि ऊस असा लावायचे की बांधावरून जाणाऱ्याने थांबून बघावं. विहिरीवर तेलाचं इंजिन होतं, तेही सामाईक. दिवस उगवल्यापासून दुपारच्या बारापर्यंत एका घराचं पाणी, बारानंतर दुसऱ्या घराचं, रात्री विहीर भरायला मोकळी. उन्हाळ्यात सकाळच्या पाळीला भरली विहीर मिळायची आणि दुपारच्याला तळाचं पाणी, म्हणून आठवड्याला पाळ्या बदलायच्या. सगळं ठरलेलं होतं, फक्त बारा कधी वाजतात ते ठरलेलं नव्हतं. आधी रस्त्यावरून जाणाऱ्या यष्टीवर बारा धरत. यष्टी उशिरा आली की सकाळवाला खुश आणि दुपारवाला लालबुंद. तात्यांच्या मनगटावर फौजेतलं घड्याळ होतं, पण ते तात्यांच्या मनगटावर होतं, म्हणून आप्पाकाकांना चालत नव्हतं. आप्पाकाकांच्या घरी रेडिओ होता, तो आम्हाला चालत नव्हता. बाजारातलं एक टेबलघड्याळ आणून इंजिनघरात ठेवलं, तर कोणीतरी त्याचे काटे फिरवले. कोणी ते दोन्ही घरांना ठाऊक होतं आणि दोन्ही घरांना वेगवेगळं ठाऊक होतं. शेवटी एका दुपारी पाट कोणाकडे मोडायचा, पाणी कोणाकडे वळवायचं, यावरून खोरी उगारली गेली, आणि माझ्या चुलतभावाच्या कपाळाला खोक पडली.

त्या संध्याकाळी पारावर चार माणसं बसली. तिथं तात्या म्हणाले की मी घड्याळ करतो. मोठं, भिंतीवरचं, पुढून उघडं. आत कुठलं चाक कसं फिरतं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल. काटे आणि चाकं जाळीच्या आत राहतील आणि जाळीला दोन कुलपं असतील, एकेका घराची एकेक किल्ली. चावी मात्र जाळीबाहेरच्या दांड्याने रोज सकाळी द्यायची. फौजेत असताना कुठल्याशा छावणीतलं मनोऱ्याचं घड्याळ त्यांनी उघडून दुरुस्त केलं होतं, त्याची चित्रं त्यांच्या वहीत होती. आप्पाकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"तात्या, घड्याळ तुज्या गोठ्यात जल्मनार. मंग ते तुज्याच उसाकडं पळनार."

तात्यांचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही. ते म्हणाले, "घड्याळ एकदा जरी चुकलं, तरी येनारा आख्खा उन्हाळा सकाळची पाळी तुजी. माझा शब्द." मग थोडं थांबून त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "आन घड्याळ मी न्हाई, शकी करनार. माझं डोळं आता बारीक कामाला ऱ्हायलं न्हाईत." शकी म्हणजे मी. लोक हसले असं मला नंतर कळलं. आप्पाकाका हसले नाहीत म्हणे. फुकट सकाळची पाळी मिळते आहे हे दिसत असताना माणूस कशाला हसेल?

दिवाळीनंतर कामाला हात घातला आणि पाडव्याला घड्याळ लावायचं ठरलं. पितळी पत्रा तात्यांनी सांगलीच्या मोडीच्या बाजारातून आणला, बोटाच्या पेराएवढा जाड. लोलकाचा दांडा शिसवीचा, खाली आईच्या जुन्या तांब्यात ओतलेलं शिसं. घड्याळ ओढायला वजन लागतं, त्यासाठी नांगराचे चार झिजलेले फाळ साखळीला बांधले. लोलकाच्या प्रत्येक हेलकाव्याला चाकाचा एकच दात सोडणारा दोन नख्यांचा एक पोलादी तुकडा असतो, त्याला आम्ही खेकडा म्हणायचो. तो मी जुन्या कानशीतून घडवला, कोळशावर लाल केला आणि गोड्या तेलात बुडवला. पहिले तीन खेकडे मोडले. चौथा नखाने वाजवला तेव्हा असा टण्ण वाजला की गोठ्याच्या दारात शेंगा फोडत बसलेल्या आईने वर बघितलं. दुपारी ती आम्हाला तिथंच भाकरी आणून द्यायची. झुणका, कांदा आणि एखाद्या दिवशी हुलग्याचं माडगं. हात धुतले तरी तेलाचा वास भाकरीला लागायचाच. मला तो आवडू लागला होता, हे मी आईला कधी सांगितलं नाही.

चाकाला सारखे दात पाडणं हे खरं अवघड. त्याचं यंत्र असतं, ते आमच्याकडे नव्हतं. तात्यांनी एक सोपी युक्ती काढली होती. पत्र्याची लांब पट्टी घ्यायची आणि तिला सारख्या अंतरावर भोकं मारत जायची. मागचं भोक एका खिळ्यात अडकवलं की पुढचं आपोआप तेवढ्याच अंतरावर पडतं. जितके दात हवेत तितकी भोकं. मग लाकडाची एक चकती लेथवर तासत तासत इतकी लहान करायची की ती पट्टी तिच्याभोवती बरोबर एक वेढा बसेल, टोकाला टोक भिडेल. ती चकती लेथच्या मागे लावली की एकेका भोकात खुंटी अडकवत पुढचं पितळी चाक कापत जायचं. इथं मोजण्यात चूक झाली तर पुढं सगळं चुकणार, म्हणून तात्या प्रत्येक पट्टीची भोकं स्वतः मोजायचे, दोनदा, आणि दोन्ही वेळा वहीत टिंबं करून.

अशी सगळी चाकं झाली. माघात घड्याळ गोठ्यातल्या खांबाला टांगून सुरू केलं. तासकाटा अजून नव्हता, नुसता मिनिटकाटा होता. त्याची वेळ आम्ही रोज तात्यांच्या घड्याळाशी ताडून बघायचो आणि लोलकाखालचा स्क्रू एकेक आटा फिरवायचो. महिनाभरात ते असं बसलं की आठ दिवसांत अर्ध्या मिनिटाचाही फरक पडेना. त्या दिवशी तात्यांनी कोणाला काही न सांगता रहिमतपुराहून पेढे आणले. एक पेढा त्यांनी लेथवर ठेवला. बाकीचे मी खाल्ले.

राहिलं होतं एकच चाक, तासकाट्याचं. मिनिटकाट्याच्या बारा फेऱ्या होतात तेव्हा तासकाट्याची एक व्हायला हवी. त्यासाठी शेवटच्या चाकाला साठ दात हवे होते. पाडवा चार दिवसांवर आला होता आणि तात्या तबकडी रंगवून घ्यायला सांगलीला गेले होते. तिथला पाट्या रंगवणारा त्यांच्या ओळखीचा होता. आकडे मराठीत हवेत, दुरून दिसले पाहिजेत, म्हणून ते स्वतः उभे राहून करून घेणार होते. दोन रात्री तिकडेच मुक्काम होता. मी म्हटलं, ते येईपर्यंत चाक तयार करून ठेवू आणि त्यांना थक्क करू. पट्टी धरायला मला दुसरा हात हवा होता, म्हणून मी आईला हाक मारली. मी पट्टी सरकवणार, ती पंचावर हातोडी मारून मोजणार. आईच्या मोजण्यावर शंका घ्यायचं कोणाच्या मनात आलं नसतं. सुगीत आमच्या आळीतल्या सगळ्या खळ्यांवर धान्य मापायला तिलाच बोलवत. पहिल्या मापाला ती एक म्हणायची नाही, लाभ म्हणायची, तसंच तिने इथंही सुरू केलं. लाभ, दोन, तीन, चार. तिचा हात एकदा लयीत बसला की ऐकत राहावंसं वाटायचं. साठाला मी पट्टी खिळ्यावर तशीच ठेवली आणि कापायची कात्री शोधायला वळले.

ते चाक कापून झालं तेव्हा दात किंचित बारीक वाटले होते. शेजारच्या चाकाशी जोडलं तर थोडं घट्टही फिरत होतं. हे मला कळलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मी थांबायला हवं होतं आणि मोजायला हवं होतं. त्याऐवजी मी तेलात एमरीची पूड कालवून ते दात एकमेकांवर घासून मोकळे केले, कारण तात्या संध्याकाळच्या गाडीने येणार होते आणि मला त्यांचं तोंड बघायचं होतं. ते आले, चाक हातात घेऊन फिरवलं, गुळगुळीत फिरतं आहे म्हणाले. त्यांनीही ते मोजलं नाही. कदाचित चौदाव्या वर्षापासून मला जे ऐकायचं होतं ते त्यांना त्या दिवशी द्यायचं असेल.

पाडव्याच्या सकाळी इंजिनघराच्या भिंतीवर घड्याळ चढलं. सहाला काटे लावले, लोलकाला हात मी दिला. सगळा गाव आला होता. पांढऱ्या तबकडीवर काळे मराठी आकडे, खाली उघडी पितळी चाकं, आणि मधे खेकडा एकेक दात सोडतोय. म्हातारी माणसं जाळीला नाक लावून बघत होती. तो आठवडा सकाळची पाळी आमची होती. बारा वाजता तात्यांनी स्वतः पाट आप्पाकाकांच्या बाजूला मोडला आणि आप्पाकाकांनी एकदा काट्याकडे, एकदा तात्यांकडे बघून मान हलवली. घरी पुरणपोळ्या होत्या. मी सात खाल्ल्या, आणि आईने प्रत्येकीवर तूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी चावी द्यायला गेले. मिनिटकाटा बरोबर बारावर होता. तासकाटा सातावर हवा होता, तो सहा आणि सातच्या मधे लोंबत होता. मी जाळीशी वाकले आणि शेवटचं चाक मोजलं. परत मोजलं. एकसष्ट दात होते. म्हणजे तासाला एक मिनिट तासकाटा मागं पडणार, दिवसाला चोवीस. आदल्या दिवशी बारापर्यंत फरक इतका थोडा होता की कोणाला कळला नाही. आज बाराला काटा साडेअकराच्या आसपास असणार होता. आणि सकाळची पाळी आमची. घड्याळ खरोखरच आमच्या उसाकडे पळत होतं.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तात्या चहा पीत होते. आईने कपाळावर हात मारला नाही की काही नाही, तिने चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग हळूच म्हणाली की तासकाटा नुसता दाबून बसवलेला आहे ना, मग तार घालून सकाळी चावी देताना रोज थोडा पुढं सरकवायचा, नवं चाक होईपर्यंत कोणाला काय कळतंय. ती तसं बोलली यात तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आमचा ऊस कंबरेला आला होता. उन्हाळाभर दुपारचं तळाचं पाणी म्हणजे निम्मा ऊस वाळणार हे तिला दिसत होतं. आणि जाळीतून तार जात होती, तेही खरं होतं. मी तात्यांकडे बघितलं. मला वाटलं ते आता ठरवतील. ते म्हणाले,

"शब्द माझा हाय, पर घड्याळ तुजं हाय. काय करायचं ते तूच सांग."

मला त्यांचा त्या क्षणी इतका संताप आला की मी तशीच बाहेर पडले. विहिरीवर जाईपर्यंत खरंच ठरवलं नव्हतं. तिथं पोचले, खालून हात घालून लोलक धरला आणि घड्याळ थांबवलं. मग आप्पाकाकांच्या घरी गेले. ते अंगणात दात घासत होते. मी म्हटलं, काका, घड्याळ चुकलंय, एक दात जास्त पडलाय, माझ्या हातून, तुमची किल्ली घेऊन या. त्यांनी चूळ भरली, टॉवेलने मिशा पुसल्या, आणि किल्ली घेऊन निघाले.

विहिरीवर दोन्ही कुलपं निघाली. तात्या आले होते, मागून डोक्यावर पदर घेऊन आईही आली होती, आणि वाटेवरची पाचसात माणसं थांबली होतीच. आप्पाकाकांनी चाकावर बोट ठेवलं आणि मोठ्याने मोजू लागले, लाभ, दोन, तीन. एकसष्टला त्यांचं बोट थांबलं. पट्टी कोणी मोजली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. तेवढ्यात आई पुढं झाली.

"आवं भावजी, ती न्हवं. माप माजं हाय. साठ झालं आन हात थांबंना. वरचं एक टाकल्याबिगर माप पुरं झाल्यागत वाटंना मला, तवा पट्टी सरकवून एक आनिक हानलं. पोरीला कळलं बी न्हाई."

मला ते तेव्हा प्रथम कळलं. खळ्यावर माप पुरं झालं की वर एक ओंजळ टाकायची, नुसत्या मापावर हात आखडायचा नाही, हे आमच्याकडे प्रत्येक बाईच्या हातात असतं. मी कात्री शोधायला वळले तेव्हा आईच्या हाताने सवयीने तेच केलं होतं. लोक हसले. आप्पाकाकाही हसले, पण त्यांचा चेहरा मऊ झाला होता.

"वैनी, तुमी जल्मात कुनाला कमी माप घातलं न्हाई, ते गावाला ठावं हाय. पर येळंला वरचं चालत न्हाई." मग ते तात्यांकडे वळले. "तात्या, शब्दाचं काय?"

"शब्द तसाच हाय," तात्या म्हणाले. "आजपास्नं सकाळ तुजी."

आणि आप्पाकाकांनी ती घेतली. इथं वाचणाऱ्याला वाटेल की त्यांनी मोठ्या मनाने नको म्हटलं असेल. तसं काही झालं नाही. तिथल्या तिथं पाट त्यांच्या बाजूला मोडला गेला. मला त्यांचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. दया दाखवली असती तर मी ते घड्याळ परत चालू केलं नसतं.

नवं चाक दुसऱ्याच दिवशी करायला घेतलं. आप्पाकाका सकाळीच आमच्या गोठ्यात येऊन वैरणीच्या पेंढीवर बसले. म्हणाले, या येळी माझ्या डोळ्यांम्होरं व्हऊ दे. त्यांनी आमचा गोठा पूर्वी शंभरदा बघितला होता, पण दुरून. मी लेथपुढं उभी राहिले आणि तात्या खाली पायट्यावर बसले. पट्टा फिरू लागला. मी पितळी चकती तासायला घेतली. थोड्याथोड्या वेळाने मी हात वर केला की तात्या थांबत, मी मान हलवली की सुरू करत. पेन्शनर हवालदार पाय मारतोय आणि त्याची पोरगी हत्यार धरते आहे, हे आप्पाकाका बघत राहिले. मग पट्टीची भोकं त्यांनी स्वतः मोजली, मी मोजली, तात्यांनी वहीत टिंबं केली. आईला मात्र कोणी हातोडी दिली नाही. ती दारात बसून हसत होती. दात पाडायला संध्याकाळ झाली. एकेका दाताला हत्यार वीस-वीस वेळा पुढंमागं न्यावं लागतं, आणि माझा खांदा भरून आला होता. साठावा दात सुटला तेव्हा आप्पाकाका उठले, चाक हातात घेतलं, बोट फिरवलं. इतकंच म्हणाले, "तूच करतीस व्हय सगळं?" मी म्हटलं, व्हय. त्या एका व्हयला मी किती वर्षं थांबले होते ते मलाच त्या दिवशी कळलं.

आता माझ्या बोटांना सुईत दोरा ओवता येत नाही आणि नातवंडं वेळ विचारायला भिंतीकडे बघतसुद्धा नाहीत. पुढं मी सांगलीला सासरी आले, तिथंही वर्कशॉप चालवलं, पुष्कळ चाकं कापली. पण लोक विचारतात, सगळ्यांत चांगलं काम कोणतं, तेव्हा मी त्या दुसऱ्या, साठ दातांच्या चाकाचं नाव घेते. त्यात कारागिरी फार होती असं नाही.

उन्हाळा आमचा कठीण गेला, हे खरं. वैशाखात दुपारच्या पाळीला इंजिन चिखल ओढायला लागायचं. खालच्या तुकड्यातला ऊस पिवळा पडला आणि आई तिकडे जायची टाळायची. घड्याळ मात्र नीट चालत होतं. मी रोज सकाळी चावी द्यायची आणि काटे बघायची, आणि दोन्ही काटे जिथं असायला हवेत तिथंच असायचे.

अशाच एका दिवशी मी आणि तात्या बाराच्या आधी विहिरीवर जाऊन बसलो होतो. आप्पाकाका स्वतः दारं धरत होते, उसाला पाणी पाजत होते. त्यांचा सगळा तुकडा भिजला होता, कडेच्या तीन सऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या. उन्हाने माती भेगाळली होती. तीन सऱ्या म्हणजे आणखी पाव तासाचं काम. विहिरीवर आमच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि त्यांनी पाव तास घेतला असता तर तात्या काही बोलले नसते. आप्पाकाकांनी पाणी तिसऱ्या सरीच्या तोंडाशी आणलं आणि तिथून मान वर करून घड्याळाकडे बघितलं. दोन्ही काटे बारावर आले होते. ते क्षणभर उभे राहिले. मग खोरं उचलून बांधावरून चालत वर आले, पाटात दोन खोरी माती ओढून आपली बाजू बंद केली आणि आमची फोडली. पाणी आमच्याकडे वळलं. त्यांच्या तीन सऱ्या कोरड्याच राहिल्या. खोरं त्यांनी तात्यांच्या नाही, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले,

"शके, बारा वाजलं. घे पानी."